बिनपाटीची खानावळ

आपलं गाव आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते परदेशी पाहुण्यांना दाखवताना, असा माझा अनुभव आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरकर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबादकर, अजिंठा-वेरूळला आपण होऊन कधीच जात नाही. पाहुणे आले की जातो. मी आजवर अजिंठा अकरा वेळा पाहिला आहे आणि अकराही वेळा कुणाला तरी दाखवायला म्हणून. त्यामुळे लेण्यांपेक्षा लेणी बघणारे चेहरेच माझ्या जास्त लक्षात आहेत.

बाराव्या वेळचे पाहुणे फ्रान्समधले होते. माझा भाचा तिकडे ल्यों नावाच्या शहरात नोकरीला आहे. त्याचा फोन आला, "मामा, माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ आणि त्यांची बायको येताहेत. तुमच्यावर सोपवतो. फार साधी माणसं आहेत, फक्त खाण्याच्या बाबतीत जरा चौकस आहेत." भाच्याच्या या 'फक्त'चा अर्थ मला फर्दापूरला कळला.

फर्दापूर म्हणजे अजिंठ्याचा घाट उतरला की खाली लागतं ते गाव. शहरापासून शंभरएक किलोमीटर. लेणी चार-पाच किलोमीटरवर. गाव जिल्ह्याने मराठवाड्यातलं, पण जमिनीने आणि ताटाने निम्मंअधिक खानदेशी. आम्ही तिथे सकाळी अकराला पोचलो आणि कळलं की लेणी बंद आहेत. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे आमच्या शहरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. फक्त मी ते उलटं ठाऊक करून घेतलं होतं.

पाहुणे खरंच साधे होते. मस्यू म्हणाले, "हरकत नाही, रात्री इथेच राहू, उद्या सकाळी बघू." मादामनी तर टाळीच वाजवली. "म्हणजे आज दिवसभर आपण फक्त जेवायचं!" असं म्हणून त्यांनी वही काढली आणि मला विचारलं, "तुमच्या या भागाचे बुशों कुठे आहेत?"

मी सावधपणे म्हटलं, "बुशों म्हणजे?"

"बूच," मस्यू म्हणाले. म्हणजे त्यांनी बाटलीला बूच लावल्याचा अभिनय केला, शब्द मी मनातल्या मनात पुरवला. फ्रेंचमध्ये बुशों म्हणजे बूच, आणि बुशों म्हणजे रस्त्यावर तुंबलेली वाहनंसुद्धा. पण ल्योंमध्ये बुशों म्हणजे आणखी तिसरंच काही. ते म्हणजे खास त्या शहराचं, त्या मातीचं जेवण देणारी जुनी, लहानशी, दाटीवाटीची खानावळ. पुढचा तासभर त्या नवरा-बायकोने मला लिंबाच्या झाडाखाली बसवून ल्योंच्या खानावळींचा इतिहास सांगितला. मध्ये मस्यूंनी दोनदा मादामना दुरुस्त केलं आणि मादामनी चारदा मस्यूंना. त्यावरून इतिहास खरा असावा.

ल्यों हे रेशमाचं शहर. शतकानुशतकं तिथे रेशीम विणलं जात होतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मदतीने नक्षी विणणारं जॅकार्डचं यंत्र १८०४ साली तिथलंच. विणकरांना तिकडे 'कान्यू' म्हणतात. ते भल्या पहाटे मागावर बसायचे आणि नऊच्या सुमाराला पोटात आग पडली की जवळच्या खानावळीत शिरायचे. त्या सकाळच्या भरभक्कम खाण्याला 'माशों' म्हणतात. आपण न्याहरी म्हणतो तेच, फक्त आपण चहा पितो तिथे ते वाइन पितात. ल्योंला ऱ्होन आणि सोन या दोन नद्या आहेत, पण ल्योंकर म्हणतात तीन आहेत, तिसरी म्हणजे शेजारच्या बोजोले भागातून वाहत येणारी वाइन.

गरिबांची खानावळ म्हटल्यावर पदार्थही गरिबांचे. खाटकाकडे जे उरेल त्याचं करायचं. जनावराच्या आतड्यांचं, पोटाच्या पिशवीचं, डुकराच्या डोक्याचं. नावं मात्र झोकदार. एका पदार्थाचं नाव 'सैनिकाचा चामडी एप्रन'. म्हणजे वजडी, भिजवून, चुऱ्यात घोळवून, तळलेली. दुसऱ्याचं नाव ऐकून मी दचकलोच. 'विणकराचा मेंदू'! मी हळूच खुर्ची मागे सरकवली. पण तो निघाला निव्वळ चक्का. त्यात बारीक कांदा, लसूण, पाला, थोडं तेल आणि शिरका. वर्षानुवर्षं माझी बायको दह्यात कांदा-लसूण घालून जे करते आणि ज्याला आमच्या घरात नावसुद्धा नाही, त्याच्यासाठी तिकडे लोक रांगा लावतात. आपण पदार्थ करतो, नाव ठेवत नाही. नावं ठेवतो ती फक्त झालेल्या पदार्थाला.

या बुशोंच्या बरोबरीने ल्योंमध्ये 'मेर' होत्या. मेर म्हणजे आई. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या या बायका. कुणी नोकरी सुटली म्हणून, कुणी पोटासाठी स्वतःची खानावळ काढली. त्यातल्या एझेनी ब्राझिए नावाच्या बाईने १९२१ साली आपलं लहानसं दुकान मांडलं. १९३३ साली तिच्या दोन खानावळींना मिशलँच्या मार्गदर्शिकेने तीन-तीन तारे दिले. एका बाईच्या पदरात सहा तारे! पुढे जगभर गाजलेला पॉल बोक्यूज हा आचारी तिच्याच हाताखाली शिकला. आणि बुशोंचं नाव लावून कुणीही काहीही खपवायला लागलं तेव्हा १९९७ साली अस्सल बुशोंवाल्यांनी चक्क संघटना काढली. अस्सल बुशोंच्या दाराशी ते एक पाटी लावतात, त्यावर हातात पेला घेतलेल्या एका बाहुलीचं चित्र. पाटी आहे म्हणजे खानावळ खरी.

"तर तुमच्या अस्सल खानावळींना कुठली पाटी असते?" मादामनी पेन सरसावलं.

मी रस्त्याकडे पाहिलं. पाट्या भरपूर होत्या. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन. एका पाटीवर काँटिनेंटलसुद्धा होतं. मराठवाडी किंवा खानदेशी असा शब्द नजरेच्या टप्प्यात नव्हता. मादामना त्यातलं पंजाबी तेवढं वाचता आलं. "हा तुमचा प्रदेश का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, तो इथून दीडेक हजार किलोमीटर आहे." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं कोण जाणे, मला मात्र अपराध्यासारखं झालं.

अब्रू वाचवायची झाली की आपण मराठी माणसं इतिहासात शिरतो. मीही शिरलो.

प्रथम मी त्यांना फर्दापूरची सराई दाखवायला नेलं. मोगल काळात उत्तरेकडून येणारी-जाणारी वाट या घाटातून होती आणि घाट चढण्याआधी माणसं आणि जनावरं इथे विसावत. अशा सराईत भटियारे असत. मुसाफिराने शिधा द्यायचा, भटियाऱ्याने रांधून वाढायचं. आपला भटारखाना हा शब्द त्याच घराण्यातला. हे ऐकून मस्यू आनंदाने ओरडलेच. त्यांच्याकडे म्हणे एक समजूत आहे की, प्रवासी जेवायला बसला की बाहेर त्याच्या घोड्याला गवताच्या बोळ्याने खरारा करत, त्या बोळ्यावरून बुशों हे नाव पडलं. पंडित म्हणतात, तसं नाही, दारूच्या गुत्त्यावर खूण म्हणून डहाळ्यांची जुडी टांगत, तिच्यावरून पडलं. काही का असेना, घोडा, सराई आणि भाकरी यांचं नातं फर्दापूरला आणि ल्योंला सारखंच निघालं. मी एक गुण मिळवला.

दुसरा गुण मी मुहम्मद तुघलकाच्या जिवावर मिळवला. या सुलतानाला आपण शाळेपासून वेडा म्हणत आलो. त्याने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं आणि काही वर्षांनी लोकांना परत दिल्लीला पिटाळलं. पण आमच्या शहराच्या दोन अभिमानाच्या गोष्टी त्याच वेडाच्या खात्यावर मांडतात. एक हिमरू, म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं वेलबुट्टीचं कापड. आणि दुसरी नान-खलिया. तंदुरात भाजलेली मोठी पिवळसर नान आणि देगेत शिजलेला मटणाचा झणझणीत रस्सा. सुलतानाच्या त्या हलत्या लष्कराला एकदम खाऊ घालण्यासाठी हा बेत निघाला, असं जुने लोक सांगतात. लष्कर गेलं, राजधानी गेली, सुलतानही गेला, नान-खलिया राहिला. आजही शहराच्या जुन्या भागात आणि मुसलमान घरांच्या लग्नांत त्याच्यावाचून पान हलत नाही. माग आणि देग एकाच वाटेने आले असं मानणारं शहर, म्हणजे ल्योंचं सख्खं भावंडच की! मस्यू म्हणाले, "एका राजाच्या चुकीतून इतकं चांगलं जेवण आमच्याकडेसुद्धा निघालेलं नाही."

त्याच शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा मुसाफिर दौलताबादेला येऊन गेला. तिथल्या किल्ल्याच्या तळघरातले उंदीर मांजरांहून मोठे, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे नंदुरबारकडच्या लोकांचं जेवण काय, तर भात, भाज्या आणि तिळाचं तेल, हेही त्याने टिपलंय. सातशे वर्षांपूर्वीचा परदेशी पाहुणा, तोही वही घेऊन फिरत होता. आमच्यापैकी कुणी तिळाच्या तेलाची नोंद केली नसती. रोजच्या जेवणात लिहिण्यासारखं काय असतं?

इथवर बोललो आणि मला एकदम आत्या आठवली.

खरं म्हणजे बुशोंची गोष्ट सुरू झाल्यापासून आत्या मनात कुठेतरी पाटावर येऊन बसली होती, मीच तिच्याकडे बघत नव्हतो. माझी ही आत्या औरंगाबादेत खानावळ चालवायची. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शहरात महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबादकडून पोरं शिकायला आली. पोरांबरोबर पोटं आली. आणि ऐन तिशीत कुंकू पुसलेली आमची आत्या, दोन खोल्या आणि एक चूल एवढ्या भांडवलावर त्या पोटांच्या मागे उभी राहिली. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी गोड, रविवारी रात्री चूल बंद. पोरं तिला काकू म्हणत. तिसाच्या तिस पोरांना भाकरी किती लागतात ते तिला पाठ होतं, हिशेबाची वही नव्हती.

तिच्या हातचं येसर! येसर ज्याला ठाऊक नाही त्याला सांगितलं पाहिजे. धान्यं, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं हे पीठ. त्याची आमटी मराठवाड्यात लग्नाकार्यात होते. आत्याकडे ती दर गुरुवारी व्हायची. मी शाळेत असताना कोपऱ्यावरच्या तंदुरातून गुपचूप नान आणायचो आणि त्या आमटीत बुडवून खायचो. आत्या बघून न बघितल्यासारखं करायची. "खलिया नको आणूस हो," एवढंच म्हणायची. तुघलकाची नान आणि आत्याचं येसर हा संयोग कुठल्याही पुस्तकात नाही, पण त्याला सहा तारे कमी पडले असते.

१९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेची मिलो ज्वारी मिळायची, लाल, वातड. तिची भाकरी थापली तर चिरायची. गावाकडून पोरांचे पैसे यायचे बंद झाले. आत्याने एकालाही उठवलं नाही. लाल भाकरी ताटात टाकताना म्हणायची, "रंग बघू नका रे, खाली मान घालून खा." पोरं खाली मान घालून खात. पुढे त्यांतले कुणी मास्तर झाले, कुणी मामलेदार. पैसे बहुतेकांनी फेडले. काहींनी नाही फेडले. त्यांची नावं आत्याला शेवटपर्यंत आठवत नव्हती. इतर सगळं आठवत होतं.

आता जे सांगायचंय ते मादामना मी सांगितलं नाही. आमच्या घरात आत्याचा हा उद्योग कुणी उच्चारत नसे. लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांनी "आणि ह्या काय करतात?" असं विचारलं की वडील म्हणत, "ती घरीच असते." खानावळ म्हणजे नाइलाज, आणि नाइलाजाची पाटी कोण लावतो? एकदा एका विद्यार्थ्याने, चित्रकलेचा होता, हौसेने तिच्यासाठी पाटी रंगवून आणली. वडिलांनी ती माळ्यावर टाकली. मी तेव्हा अकरावीत होतो. शिडी मीच धरली होती.

मुंबईच्या गिरणगावातही हेच होतं. गिरणीत राबणाऱ्या एकट्या माणसांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या हजारो खानावळवाल्या होत्या, सावकाराच्या व्याजात पिचलेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेची दारं उघडून दिली. जामिनाला द्यायला त्यांच्याकडे काय होतं? फक्त चूल आणि शब्द. बायकांनी कर्ज घेतलं आणि फेडलं. तिकडे रेशमाच्या मागावरचे विणकर, इकडे सुताच्या मागावरचे कामगार. तिकडे मेर, इकडे मावशी. फरक इतकाच की त्यांच्या आयांना तारे मिळाले आणि आमच्या मावश्यांना "घरीच असते."

दुपारचे दोन वाजले होते. पोटात कावळे नव्हे, दौलताबादचे ते उंदीर ओरडत होते. मी हार पत्करून "चला, पंजाबी खाऊ" म्हणणार, एवढ्यात आमचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी तिकडं मागं जेवलो. एका ताईंकडं. म्हणत असाल तर विचारतो."

रस्त्यामागे, लिंबाच्या सावलीत एक पत्र्याची पडवी. ताईंनी आमच्याकडे, मग त्या दोन गोऱ्या माणसांकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "बसा ना भाऊ. भाकर टाकते. पण हे काय हाटेल नाही बरं का. घरचंच आहे."

घरचंच आहे! मी मान खाली घालून बसलो.

कळण्याची भाकरी आली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. थंडीचे दिवस होते, त्यामुळे कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आलं, कांद्याच्या पातीचं, वरून कच्चं तेल. मिरचीचा ठेचा आला. तो मस्यूंनी चमच्याने खाल्ला आणि मग काही काळ ते कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. मादामनी भरताचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आमच्याकडे वांगं भाजून असं करतात त्याला आम्ही वांग्याचं कॅव्हिअर म्हणतो." आपण भरीत म्हणतो, आणि एखाद्या कामाचा विचका झाला तरी भरीतच म्हणतो. पुन्हा तेच. करायचं उत्तम आणि नाव द्यायचं असं.

जेवण झाल्यावर मादामनी वही काढली. "या जागेचं नाव काय?" मी ताईंना विचारलं. ताई पदराला हात पुसत हसल्या. "नाव कशाला पाहिजे? लिहा, मोठ्या लिंबामागं."

"आणि ताई, तुमचं नाव?"

त्या एकदम गप्प झाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या आणि आडनावासकट, शाळेत हजेरी देतात तसं. मी ते देवनागरीत लिहिलं आणि खाली मादामनी आपल्या लिपीत उतरवून घेतलं. ताईंनी ते दोन्ही पाहिलं. "हे आमचंच का?" त्यांनी फ्रेंच अक्षरांवर बोट ठेवून विचारलं. मी म्हटलं, "तुमचंच." पैसे त्यांनी माणशी सांगितले तेवढेच घेतले, वरचे परत केले.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी आम्ही लेणी पाहिली. मस्यूंना मी सवयीने सगळं सांगितलं. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. मग रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं भिंतींवरची चित्रं कॅन्व्हासवर उतरवत राहिला. त्याची बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या कला विद्यालयाचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत खपले, त्यांच्या कित्येक प्रतीही लंडनमध्येच जळाल्या. मग लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या मदतीला नंदलाल बोस आले. पुन्हा उतरवून घेतलं. दोनदा जळालं म्हणून कुणी थांबलं नाही.

हे मी अकरा वेळा सांगितलं होतं. बाराव्या वेळी सांगताना मध्येच अडखळलो. आत्याच्या येसराची प्रत आमच्यापैकी कुणीच उतरवून घेतली नव्हती. कशात किती, काय आधी भाजायचं, काय नंतर. ती १९९४ साली गेली. तिच्याबरोबर ते एकदाच जळालं.

परतल्यावर मी माळ्यावर चढलो. वय झालंय, शिडी बायकोने धरली. जुन्या ट्रंकेमागे ती पाटी सापडली. रंग बराच उडालाय, पण 'काकूंची खानावळ' एवढं वाचता येतं. खाली त्या पोराने पेल्याऐवजी परात आणि तिच्यात एक भाकरी काढली आहे. भाकरी लाल आहे. दुष्काळाच्या वर्षातली असावी.

पाटी पुसून मी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावली. बायको म्हणाली, "आता इथे कोण येणार आहे जेवायला?"

मी म्हटलं, "मी आहे की. महिन्याचे आगाऊ देतो."

"आणि रविवारी रात्री?"

"चूल बंद," मी म्हटलं.

तिने लगेच मान्य केलं.